भाडेकरू काल्पनिक आहे

"साहेब, काल्पनिक म्हणजे काय हो?" म्हाताऱ्याने जाळीखालून कागद आत सरकवला आणि चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं. प्रश्न इतका सरळ होता की मीही सरळ उत्तर द्यायला गेलो. म्हटलं, "जो नसतो, पण आहे असं धरून चालायचं, तो." म्हाताऱ्याने मान डोलावली, डॉक्टरने दुखण्याचं नाव सांगावं आणि पेशंटला तेवढ्यानेच बरं वाटावं तशी. "मग तो मी," तो म्हणाला. "खाली लिहिलंय बघा." कागद पाणी मंडळाची नोटीस होती. नगर कर कार्यालयाच्या नोंदवहीप्रमाणे पंपघराच्या वरच्या मजल्यावरील भाडेकरू काल्पनिक आहे. नव्या पद्धतीत काल्पनिक भाडेकरूची तरतूद नसल्यामुळे सदर खोली उद्या, एक तारखेपासून, रिकामी आहे असे समजण्यात येईल व यंत्रसामग्रीसाठी ताब्यात घेतली जाईल. मी ते दोनदा वाचलं. व्याकरणात काही चूक नव्हती. "आम्ही दोघं राहतो तिथे," म्हातारा सांगत होता. "एकोणीस वर्षं. पंपावर होतो मी. नोकरी संपली तेव्हा इंजिनिअर म्हणाले, कुठे जाता आता, राहा वरच. रात्री-अपरात्री आवाज बदलला तर तुम्हालाच कळेल. तसे राहिलो. आता ही म्हणते, तुम्ही असाल काल्पनिक, मी नाही. मी रोज धुणं धुते." तो हसला. मग हसू तसंच चेहऱ्यावर विसरून त्याने विचारलं, "काल्पनिक मलाच म्हटलंय, हिला कुठे नाही. म्हणजे हिला तरी राहू देतील ना?" आणि उत्तराची वाट पाहताना त्याने दोन बोटांनी डाव्या गालाची कातडी खाली ओढून धरली.

गाल असा ओढणारा माणूस मी ओळखत होतो. गेली कित्येक वर्षं तो जवळजवळ रोज माझ्यासमोर उभा राहत होता. फक्त तो माणूस मी तयार केलेला होता. असं सांगितलं की लोकांना वाटतं याचं डोकं फिरलंय, पण हे माझं पगारी काम आहे. शहरातल्या प्रत्येक इमारतीवर कर बसतो तो ती भाड्याने दिली तर काय भाडं येईल, या अंदाजावर. घराचं सोपं असतं, शेजारचं घर बघायचं. दुकानाचंही तसंच. पण पाण्याचा पंप, विजेचं उपकेंद्र, जमिनीखालचे नळ कोण भाड्याने घेतो? कोणीच नाही. म्हणून कायद्याने सांगून ठेवलं होतं की एक भाडेकरू कल्पावा. तो शहाणा असावा, उतावळा नसावा, त्याला पंप चालवता यावा. आणि वर्षाच्या कराराने तो ही जागा घ्यायला आला तर काय देईल, तो आकडा लिहावा. मी नवा लागलो तेव्हा थोरले साहेब होते. त्यांनी मला पहिल्याच दिवशी एका टाकीखाली उभं केलं आणि म्हणाले, "डोळे मीट. आणला का त्याला?" मी म्हटलं, "कोणाला?" "अरे, भाडेकरूला! नुसता आकडा नको आणूस, माणूस आण. जेवलाय का, त्याच्या पायात काय आहे, बायकोला विचारून आलाय का, सगळं दिसलं पाहिजे. माणूस आला की आकडा त्याच्या तोंडून येतो." मला तेव्हा कोणी आला नाही. मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं, तरी नाही. पुढची पंधरा वर्षं मी आकडे शेजारच्या गावांचे बघून, थोडे इकडेतिकडे करून लिहीत राहिलो. मग एकदा तो आला. बनियनवर, गालाला साबण, दोन बोटांनी कातडी ओढून धरलेली, आणि नजर खाली, पंपघराच्या अंगणाकडे, घ्यावं की न घ्यावं अशी. तेव्हापासून मला कधी अडचण आली नाही. उपकेंद्राच्या कुंपणाशी उभा राहिलो की तो यायचा, टेलिफोनच्या मनोऱ्याखाली यायचा, गाल ओढायचा आणि पुटपुटायचा. मी लिहून घ्यायचो. घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "बायकांच्या नशिबी सवत येते, माझ्या नशिबी भाडेकरू." काही दिवसांनी तीही रुळली. मी ताटावर गप्प बसलो की विचारायची, "अहो, ते आलेत वाटतं? त्यांचंही पान घेऊ का?"

"साहेब?" म्हातारा म्हणाला. मी त्याला बाकावर बसवलं आणि नोंदवहीच्या कपाटाकडे गेलो. अकरा वर्षांपूर्वीचं पान, पंपघर, रकाना चौथा, भोगवटादार. म्हणजे प्रत्यक्षात राहतो तो. मालक कोण, बांधकाम कसलं, हे सगळं वेगळ्या रकान्यांत. इथे फक्त जो श्वास घेतो त्याचं नाव. तिथे माझ्या अक्षरात, मला तेव्हा आवडायच्या जांभळ्या शाईत, लिहिलेलं होतं: भाडेकरू, काल्पनिक. मी बोट ठेवून पुन्हा वाचलं. ही चूक करणं तसं सोपं नाही. काल्पनिक भाडेकरू हा हिशेबाचा माणूस, त्याची जागा टिपणीत. रकाना चौथा हा हाडामांसाच्या माणसाचा. तो दिवस आठवायला लागलो तर आठवेना, आणि मग एकदम सगळाच आठवला. ऊन होतं. मी अंगणात उभा होतो, खालून पंपाचा आवाज तळपायातून वर चढत होता, तोंडाला लोखंडाची चव आली होती. मी डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं, उघडले, आणि वरच्या खिडकीत तो होता. बनियनवर, साबण लावलेला. खिडकीच्या दांडीला आरसा टेकवलेला. मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याने हात हलवला का? हलवला असावा. मीही हलवला का? मला एवढंच आठवतं की पंधरा वर्षांनी मला तो दिसला याच आनंदात मी ऑफिसला आलो आणि आल्या आल्या त्याला लिहून टाकलं. त्यानंतर दोनदा फेरतपासणी झाली. दोन्ही वेळा पान जसंच्या तसं उतरवलं गेलं, आणि उतरवणाराही मीच.

आता हे कसं समजून घ्यायचं? मी एक जिवंत माणूस पाहिला आणि त्याला कल्पना समजलो, एवढंच असतं तर चूक साधी होती. पण त्यानंतर अकरा वर्षं मी त्याला शहरभर फिरवलं. त्याच्या गालावर साबण तसाच ठेवला, त्याचे केस पिकू दिले नाहीत, त्याला उपकेंद्राच्या उन्हात उभं केलं, त्याच्या तोंडून शेकडो आकडे काढले. आणि तो तेव्हा वरच्या खोलीत पिकत होता, चष्मा लागत होता, जिना चढताना दम लागत होता. मग मी ज्याला विचारत होतो तो कोण? आणि मी लिहिलेले आकडे कोणाचे? लहानपणी आई मला गाऊन निरूपण करणाऱ्या एका बाईंकडे न्यायची. बाई गोष्ट अगदी कड्याच्या टोकावर आणून सोडायच्या आणि गायला लागायच्या. एकच ओळ, पुन्हापुन्हा, सगळा दिवाणखाना त्या ओळीत डुलायचा. मग एकदम थांबून विचारायच्या, "तर कुठे होतो आपण?" सगळे सांगायचे. मला कधीच सांगता यायचं नाही. माझी गोष्टीतली माणसं गाण्यात गेलेली असायची आणि गाण्यातली गोष्टीत. एकदा त्या म्हणाल्या, देह म्हणजे भाड्याचं घर. मी आईला जोरात विचारलं, "भाडं कोण घेतं?" आईने चिमटा काढला. बाईंनी ते ऐकलं, गाणं थांबवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बाळा, तेच कळत नाही, म्हणून तर गायचं." सगळे हसले. मला वाटलं माझी थट्टा केली. आज कपाटापाशी उभं राहून वाटत होतं की त्यांनी अगदी खरं तेच सांगितलं असावं. पण गायचं कुठे, इथे, शिक्क्यांच्या टेबलापाशी?

नोंदवही घेऊन मी सूत्रवालीकडे गेलो. तिला नाव आहे, हुद्दाही माझ्यापेक्षा वरचा आहे, पण मुख्य कार्यालयातून ती नवं सूत्र घेऊन आली त्या दिवसापासून सगळे तिला सूत्रवालीच म्हणतात, आणि तिलाही ते ठाऊक आहे. उद्यापासून पाणी, वीज, टेलिफोन यांच्या मालमत्तेचं मूल्य शहराशहरात ठरणार नाही. सगळं मुख्य कार्यालयात, एका सूत्राने. काल्पनिक भाडेकरू कायद्यातून वगळला गेला आहे. मी पान तिच्यापुढे ठेवलं आणि काय झालं ते सांगितलं. ती आधी हसली, मग माझा चेहरा बघून थांबली.

"काका, पण आता फरक काय पडतो? उद्यापासून त्याला कोणी विचारणारच नाही. सूत्रात माणूस नाही. नळाची लांबी, पंपाची ताकद, माणशी पाणी."

"माणशी म्हटलं की माणूस आला ना."

"तो सरासरीचा माणूस, काका."

"तो कुठे राहतो?"

"काका, प्लीज." तिने कपाळ चोळलं. "तुम्हाला राग येईल, पण सांगते. तुमचा तो भाडेकरू एका गावात उदार होता आणि पलीकडच्या गावात चिक्कू. एकाच मापाच्या दोन टाक्या, दोन गावांत दोन मूल्यं. एका गावाला त्यातून शाळेचं छप्पर मिळालं, दुसऱ्याला नाही. कारण काय, तर कोणीतरी डोळे मिटून बसलं होतं. हे बरं होतं?"

हे बरं नव्हतं. तिचं म्हणणं मला पटत होतं आणि पटतंय म्हणून आणखी गोंधळायला होत होतं. मी म्हटलं, "पण हा माणूस बाकावर बसलाय."

तिने दाराकडे मान वळवली. म्हातारा बाकावर बसून नोटीस गुडघ्यावर सपाट करत होता. मग आवाज उतरवून म्हणाली, "दुरुस्तीचा फॉर्म आहे. राहती खोली म्हणून वेगळी नोंद झाली तर ती पंपघरातून सुटते, आणि मंडळाला तिला रिकामी म्हणता येत नाही. पण ते तुम्हाला जागेवर जाऊन, आत जाऊन, त्यांना विचारून भरावं लागेल. आणि खाली आधीची नोंद का चुकली ते लिहावं लागेल. तुमच्या सहीने. निवृत्तीला चार महिने राहिलेत ना? चौकशी लागेल, काका. मी लावणार नाही, पण लागेल."

"किती वाजेपर्यंत?"

"पाचला मी यादी बंद करते. त्यानंतर तुमच्या सहीला काही अर्थ नाही. माझ्याही नाही." फॉर्म काढून देताना ती म्हणाली, "तीन वाजलेत. जाताय तर जा, माझ्याकडे असे बघत उभे राहू नका."

आम्ही दोघं चालत निघालो. म्हातारा वाटेत बोलत होता, पंपाबद्दल, कोणत्या वर्षी कोणता पट्टा तुटला. मी मधूनमधून वळून बघत होतो की तो आहे ना. रस्त्यात एक बाई कुत्र्याला ओढत गेली, म्हाताऱ्याला वळसा घालून गेली, आणि मला हायसं वाटलं. पंपघराच्या बाहेरून वर जाणारा लोखंडी जिना आहे. अंगणात मी किती वेळा उभा राहिलो असेन, पण तो जिना मी कधी चढलो नव्हतो. बावीस पायऱ्या. दार उघडलं आणि आधी आवाज आला, मग खोली. आवाज ऐकू येत नव्हता, दातांत बसत होता. खोलीत एक पलंग, दोन खुर्च्या, भिंतीला फळी. फळीवरचे कप एकमेकांना लागू नयेत म्हणून प्रत्येक कपाला जुन्या सुती कापडाचा अंगरखा शिवलेला. खिडकीच्या काचेच्या कडेने लोकर ठासलेली. खुर्च्यांच्या पायांना मोजे. कोणी तरी एकोणीस वर्षं बसून या खोलीतली एकेक वस्तू गप्प केली होती.

"हे ते साहेब!" म्हातारा ओरडला. तिथे ओरडूनच बोलावं लागत होतं.

"कोणते?" म्हातारी ओरडली.

"मला काल्पनिक केलं ते!"

"बसा!" म्हातारी मला म्हणाली आणि खुर्ची पुढे केली. "पाणी घ्या! आमच्याकडे पाणी ताजं असतं!" त्यावर दोघंही हसले, ही त्यांची जुनी थट्टा असावी. मी पाणी प्यायलो. ग्लासातलं पाणी पंपाच्या आवाजाने थरथरत होतं. मी फॉर्म काढला आणि नाव विचारलं. म्हाताऱ्याने सांगितलं, मी लिहिलं. म्हातारी माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. "वेलांटी दुसरी!" ती ओरडली. "ह्यांची वेलांटी दुसरी आहे! नोकरीभर सगळ्यांनी पहिलीच लिहिली, तुम्ही तरी नीट लिहा!" मी खोडून नीट लिहिलं. मग तिचं नाव लिहिलं. खोलीची लांबी-रुंदी पावलांनी मोजली. खिडकी एक, मोरी एक. आणि शेवटून दुसऱ्या रकान्याशी येऊन थांबलो. अपेक्षित वार्षिक भाडे.

सव्वीस वर्षं मी हा प्रश्न विचारत होतो आणि आज पहिल्यांदा तो कोणाला तरी विचारायचा होता. डोळे मिटायची सवय, ते मिटू नयेत म्हणून मी ते ताणून धरले. "समजा," मी ओरडलो, "समजा तुम्ही इथे राहत नाही! आज नव्याने बघायला आलात! वर्षाच्या कराराने घ्यायची झाली, तर या खोलीचं काय भाडं द्याल?"

म्हाताऱ्याने दोन बोटांनी गाल खाली ओढला. खोली बघितली, छत बघितलं, फळीवरचे कप बघितले. अखेर तो म्हणाला, "नव्याने? या आवाजात? नाही हो साहेब! इथे राहायचं तर उलट मलाच कोणीतरी द्यायला पाहिजेत!"

इतकी वर्षं याच्याच तोंडाने मी शहरभर आकडे बोलून घेतले होते आणि खऱ्याला विचारलं तर तो म्हणत होता, काही नाही, उणे. उणे भाडं लिहिता येत नाही. आणि शून्य लिहिलं तर नोंद यादीत राहतच नाही. ज्याचं मूल्य शून्य ते नाहीच असं समजण्यात येतं, ते तर आमच्याच ऑफिसचं जुनं कलम. म्हणजे खरं लिहिलं तर तो पुन्हा नाहीसा, आणि त्याला ठेवायचा तर मला पुन्हा मनानेच आकडा घालायचा. "काहीतरी सांगा हो!" मी ओरडलो. माझा आवाज मलाच भीक मागितल्यासारखा वाटला. "काहीतरी असेल! खिडकी? हवा?" म्हातारा प्रामाणिकपणे विचार करत होता आणि मान हलवत होता. त्याला खोटं सांगायचं नव्हतं. तो शहाणा होता, उतावळा नव्हता, त्याला पंप चालवता येत होता. कायद्याला हवा होता तसाच्या तसा.

म्हातारीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि माझ्या मनगटावर हात ठेवला. थांबा, असा. आम्ही तिघंही थांबलो. आणि खालचा आवाज आधी जाड झाला, मग पातळ, मग थांबला.

असं काही मी कधी ऐकलेलं नाही. आधी वाटलं मला बहिरेपण आलं. मग कुठेतरी नळ ठिबकला, अंगणात एका चिमणीने दुसरीला काहीतरी सांगितलं, म्हाताऱ्याचा श्वास ऐकू आला, माझाही आला. खोली होती त्यापेक्षा मोठी झाली. पलंगावर दुपारचं ऊन पडलं होतं ते आता दिसलं. आमच्यापैकी कोणी हललं नाही.

"टाकी भरली की थांबतो," म्हातारी म्हणाली. तिचा आवाज अगदी वेगळा होता, लहान, एखाद्या मुलीचा. "रोज चारला. वीस मिनिटं. ह्यांच्याशी काय बोलायचं ते मी तेव्हाच बोलते. ह्याचं लिहा. ह्याचं मी भाडं देईन."

"किती?" मी विचारलं. मीही कुजबुजत होतो.

तिने थोडा विचार करून एक आकडा सांगितला.

"एवढं?" म्हातारा म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा. तुम्ही काल्पनिक."

मी तो आकडा लिहिला. इकडेतिकडे न करता, तिने सांगितला तसा. आता शेवटचा रकाना राहिला होता, आधीची नोंद चुकण्याचे कारण. मी खूप मोठं काहीतरी लिहिणार होतो, थोरल्या साहेबांबद्दल, उन्हाबद्दल, साबणाबद्दल. पण त्या शांततेत पेन टेकवल्याचाही आवाज येत होता. लिहिलं: नोंद करणारा जिना चढला नव्हता. खाली सही केली, तारीख घातली, वेळ घातली, चार वाजून सहा मिनिटं. म्हाताऱ्याने चष्मा सावरून फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला, स्वतःच्या नावाच्या वेलांटीवर जरा थांबला, मग माझ्या सहीवर बोट ठेवलं.

"आणि हे तुम्हीच ना?" त्याने विचारलं.

मी हो म्हणायला तोंड उघडलं, आणि खात्री करण्यासाठी आधी सही वाचून बघितली.